ट्राम येण्याआधीची शिस्त

१० जानेवारी, शुक्रवार. म्हापसा स्टँड

दार लावलं तेव्हा विमलाबाय अर्धी आत होती. एक पाय फुटबोर्डवर, डोक्यावर तांबड्या भाजीची पाटी. शुक्रवारचा बाजार. कंडक्टर भैरूला म्हटलं, वेळ झाली, बेल मार. भैरू म्हणाला, मालक, बाईचा पाय आत हाय की हो. पाय बाहेर घ्यायला सांगितला. घेतला. बस पेडण्याहून वेळेवर सुटली. वीस वर्षांत प्रथमच.

आरशात विमलाबाय बराच वेळ दिसत होती. काहीतरी बोलत होती. जुनी सवय मोडताना आवाज होतोच.

११ जानेवारी

कारण लिहून ठेवतो. पणजीभोवती ट्रामचं जाळं होणार. पेपरात नकाशा आला आहे. एक रेघ डिचोलीला. दुसरी म्हापशावरून कोलवाळ, धारगळ, मालपे करत पेडण्याला. म्हणजे माझ्या बसच्याच रस्त्यानं. म्हापशाच्या पुढे ही रेघ तुटक आहे. अभ्यास करून पक्की करणार, असं खाली बारीक अक्षरांत आहे.

या रस्त्याचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा नाही. त्यांना माणूस लागणारच. अर्ज पाठवला. पदाचं नाव त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मी 'कॉरिडॉर प्रमुख' लिहिलं.

मोबाइलवर युरोपातल्या ट्रामचा व्हिडिओ पाहिला. ट्राम कुणाला हाक मारत नाही. दार लागलं की लागलं. आमच्याकडे बस घराघरासमोर हॉर्न देत जाते. कुणी आंघोळीला बसलेलं असलं तर भैरू उतरून विचारून येतो, अजून किती तांबे. अशा लोकांना एकदम ट्राम देणं धोक्याचं.

संकल्प: माझी बस ट्रामसारखी चालेल. ट्राम येईल तेव्हा पेडणे तयार असेल. काल सुरुवात झाली, सोमवारपासून पूर्ण अंमल.

१३ जानेवारी

मधले थांबे तीनच. मालपे, धारगळ, कोलवाळ. रस्त्यावर पिवळ्या रेषा मारल्या. रेषेबाहेर हात केला तर बस थांबणार नाही. उभे प्रवासी नाहीत. पाट्या, कोंबड्या, दुरुस्तीचे कुकर, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, डबे नाहीत.

शांतारामभाऊ मुलाचा डबा घेऊन आले. मुलगा म्हापशाला दुकानात असतो. त्यांना नियम समजावले. ते म्हणाले, उभो माणूस नाका तर नाका, डबो तरी व्हर, तो बसानच येतलो.

नियम नियम आहे. डबा नेला नाही. मुलगा दुपारी स्टँडवर आला आणि माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला. तरुण पिढीत कुतूहल आहे.

२० जानेवारी

परेश भेटला. माझा मेहुणा, विनिताचा भाऊ. त्याची बस माझ्यामागून दहा मिनिटांनी सुटते. पूर्वी तिच्यात माझं उरलंसुरलं गिऱ्हाईक असायचं. हल्ली माणसं दारात लोंबकळतात. त्याच्या टपावर विमलाबायची पाटी पाहिली. शिस्त नाही.

परेश म्हणाला, भावोजी, तुम्ही आहे तसंच चालू ठेवा, कुणाचं ऐकू नका. कौतुक घरच्यांकडून क्वचित मिळतं. लिहून ठेवतो.

विनिताला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, आपलं घर बसवर चालतं, पिवळ्या रेषेवर नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत सीटा भरल्या नाहीत तर तिची अर्धी बस ती परेशला चालवायला देणार. गोव्याच्या कायद्यानं नवऱ्याच्या सगळ्यात बायकोचा अर्धा वाटा. हे तिला लग्नाच्या मांडवातच माहीत होतं.

कुठली अर्धी, ते ती बोलली नाही. इंजिन पुढच्या अर्ध्यात आहे. वेळ आलीच तर मागची देऊ.

२९ जानेवारी

धारगळच्या थांब्यावर रुक्मिणीकाकीनं उकड्या तांदळासाठी भात वाळत घातलं आहे. पूर्ण रेषेवर. काकी म्हणाली, ऊन हंयच पडता, तुझी रेघ थंय सावळेंत घाल. रेषा दिसत नसल्यामुळे नियमाप्रमाणे थांबता आलं नाही. चार माणसं उभी होती. त्यातल्या एकानं दगड उचलला. मारला नाही. सुधारणा आहे.

६ फेब्रुवारी

भैरू म्हणतो, मालक, तिकिटं फाडायला माणूसच न्हाई, बसून बसून कंबर धरली. मालप्यापासून कोलवाळपर्यंत तो झोपतो. ट्राममध्ये कंडक्टर नसतोच. भैरू हळूहळू आधुनिक होतो आहे.

बस रिकामी असल्यामुळे टायर कमी झिजतात. हा फायदा कुणाच्या लक्षात आला नव्हता.

१७ फेब्रुवारी

ट्रामच्या अभ्यासवाल्यांचा फोन. सेजल नावाची मुलगी बोलली. पुढच्या आठवड्यात एक दिवस ती माझ्या सकाळच्या बसमध्ये बसून माणसं मोजणार. या रस्त्यावर माणसं किती, त्यावर पेडण्याची रेघ पक्की होणार की पुसणार ते ठरेल. दुसरा एक मुलगा परेशच्या बसमध्ये मोजणार. इतर सगळ्या बसेस सोडून माझी बस निवडली. अर्ज वाचलेला दिसतो.

विनिता म्हणाली, देवाची शपथ, त्या एका दिवशी तरी सगळ्यांना घे. हात केला तिथं थांब. विमलाबायकडे मी स्वतः जाते, तुझ्या वतीनं हात जोडते. मी नको म्हटलं. गर्दी, पाट्या, कोंबड्या पाहून त्या मुलीला काय वाटेल? की इथले लोक ट्रामला अजून लायक नाहीत. विनितानं कपाळाला हात लावला आणि आत गेली. दूरदृष्टी सगळ्यांना नसते. मला आहे म्हणून तिला लागत नाही.

२५ फेब्रुवारी

मोजणीचा दिवस. उत्तम पार पडला.

बस धुतली. सीटांची कव्हरं बदलली. भैरूला बूट घालायला लावले. सेजल पहिल्या सीटवर टॅब घेऊन बसली. माणूस चढला की ती बोट टेकवणार. पेडण्याला बोटाला काम पडलं नाही. मालप्याला एक शिक्षिका चढल्या. धारगळला काकीचं भात रेषेवरून सरकलेलं होतं, म्हणून थांबलो; भाताच्या कडेनं एक म्हातारे आले, पण दार लागायची वेळ झाली होती. ते थोडं धावले. सेजल म्हणाली, काका, ते येत आहेत. मी म्हटलं, बघ आता. दार अगदी वेळेवर लागलं. ती बघत राहिली.

कोलवाळला कुणी नाही.

म्हापशाला उतरताना तिनं विचारलं, बस रोज अशीच असते का? मी म्हटलं, रोज. आजच्यासाठी काहीही वेगळं केलेलं नाही. तिनं ते लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. पेन तिचं होतं.

परेशचा दिवस फुकट गेला. त्याच्या बसमध्ये मोजणाऱ्या मुलाला आत शिरताच आलं नाही. विमलाबाय त्याला म्हणाली, बाबा, तू मागल्यान चलत ये. दारात लोंबकळून मोजलेलं धरत नाही, असं त्याच्या ऑफिसनं फोनवर सांगितलं. तो परत गेला. म्हणजे पेडण्याची सगळी मोजणी माझ्या एकट्याच्या बसवर. शिस्तीचं फळ.

३ मार्च

फेब्रुवारी संपला. परेश दोनदा येऊन गेला. मी स्वयंपाकघरात गेलो की तो आणि विनिता विषय बदलतात. विनितानं त्याला चहाबरोबर नारळाच्या नेवऱ्या दिल्या. चतुर्थी नाही, काही नाही. मला मिळाल्या नाहीत. काहीतरी आनंदाची बातमी माझ्यापासून लपवताहेत. माझा वाढदिवस ऑगस्टात आहे, पण तयारीला वेळ लागतो.

अर्जाचं उत्तर नाही. चांगल्या पदाला उशीर होतो.

११ मार्च

पेडण्याला सभा. ट्रामवाले साहेब पडद्यावर नकाशा दाखवणार. सभागृह भरलं. सगळे परेशच्या बसनं आले. इस्त्रीचा शर्ट घातला, पहिल्या रांगेत बसलो. कदाचित वर बोलावतील.

डिचोलीची रेघ पक्की झाली. तिकडच्या लाटंबार्से गावाच्या बसमध्ये मोजणाऱ्या मुलाची चप्पल गर्दीत गेली, ती अजून सापडली नाही, असं साहेबांनीच हसत सांगितलं. बेशिस्तीला बक्षीस. निषेध मनात नोंदवला.

मग आमची रेघ. ती म्हापशालाच संपत होती. पुढचे तुटक ठिपके नव्हते. साहेब म्हणाले, या रस्त्यावर सकाळच्या गर्दीच्या वेळीही प्रवासी जवळजवळ नाहीत. बस रोज अशीच असते, असं एका अनुभवी बसमालकानं सहीनिशी सांगितलं आहे.

अनुभवी, असं म्हणाले. भर सभेत.

विमलाबाय उठली. म्हणाली, साहेबा, आमी सगळीं परेशाच्या बशींत आसलो, आमकां कोणें मेजलां? साहेब म्हणाले, अहवाल गेला. शांतारामभाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, सगुणान देवाक सोडून सगळ्यांक रस्त्यार सोडलां. लोक हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. एक बाई मागून विचारत होती, म्हणजे आमच्याकडे कधीच नाही का? पेडण्याच्या पोरांनी कॉलेजला तसंच लटकत जायचं का? साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात पाहू.

मी उठून सांगणार होतो की दोष शिस्तीचा नाही, मोजण्याच्या पद्धतीचा आहे. विनितानं बाही धरून खाली बसवलं. घरी जेवताना म्हणाली, परेश उद्यापासून. मी म्हटलं, मागची अर्धी ना. तिनं आमटी वाढली.

'पुढच्या टप्प्यात' म्हणाले आहेत. नवा अर्ज करावा.

१२ मार्च

सकाळी उठलो तेव्हा अंगणात बस नव्हती. परेशनं ठेवलेला ड्रायव्हर ती पेडण्याच्या स्टँडवर घेऊन गेला होता. चालत मालप्याच्या अलीकडच्या वळणावर गेलो. तिथं थांबा नाही. हात केला. माझीच बस थांबली. भैरूनं दार उघडलं, आत सरका म्हणाला. म्हापशापर्यंत उभ्यानं गेलो.