नुसतं पित्त उठलं होतं

छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, १५ जानेवारी

चि. आशा हिला आवडाअक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडं समदे बरे. पिशोरला थंडी कशी हाय? आलं काढलं का रानातलं?

फोन सोडून पत्र का, तर तुझे कान. मी तब्येत विचारते, तू पावसाचं सांगतीस, आणि सारी गल्ली ऐकते. तू चौथी शिकलीस, मी गाईमागं गेले. तुला ऐकू येत नाय, मला वाचता येत नाय. आईबापानं दोघींत मिळून एक धड बाई केली बघ. लिहून घेतेय आपली तनुजा, माझ्या थोरल्याची. मी सांगते एक आणि ही शाळेतल्या बाईवानी नीटनेटकं करते, म्हणून मधूनमधून वाचायला लावते.

आज कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. करीला चांगलं काम काढू नये म्हणतात. हे चांगलं काम नायच, म्हणून चालतंय.

तर माझं पोट जरा दुखत होतं. जरा म्हणजे जराच. डॉक्टर म्हणाले, सिटी स्कॅन काढू. आतलं उजळ दिसावं म्हणून फोटोच्या आधी शिरेतून औषध सोडतात. तिथल्या पोराने विचारलं, "आजी, तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी?" मी म्हणाले, "सुनेची." हसला बिचारा. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, कशाची नाय बाबा.

औषध गेलं तसं अंगात ऊन ऊन झालं. वाटलं, या वयात लुगडं भिजलं. तसं वाटतंच, म्हणाला तो. मग तळहात खाजले. मग व्हट जड झाले. मग... लिही गं तनुजा, थांबू नको. मग गळ्यात कुणी मूठ आवळल्यागत झालं आणि वरचे दिवे लांब लांब गेले.

जागी झाले तर नाकाला नळी, मांडीत सुई टोचलेली ठणकत होती, आणि उशाशी ही पोरगी. तोंड पिठासारखं पांढरं. म्हणाली, "काही नाही गं आजी, नुसतं पित्त उठलं होतं."

आशे, ते तोंड मी आधी बघितलं होतं.

माझं अपेंडिक्स काढलं, तनुजाचा बाप रांगत होता, तेव्हा दवाखान्यात माझ्यापाशी तूच होतीस. शुद्धीवर आले तर डोळे फटीएवढेच उघडले, त्यातनं तुझं असंच पांढरं तोंड दिसलं. व्हट सुजलेले, अंगभर तू गेरू फासलेला. आरसा मागितला, तू दिला नाय. म्हणालीस, "काय नाय अक्का, पित्त उठलंय. सारवलेल्या भिंतीवानी दिसतीस." मी हसले. तवापासून सांगत आले, मला कसलंच काय होत नाय, पित्त तेवढं उठतं. पित्ताला कोण दुखणं म्हणतं?

आता पोटाचं खरं सांगते. किडनीवर गाठ हाय. काढायची हाय, आणि लांबवण्यासारखी नाय. तनुजा, डोळे पूस आणि लिही, कागद भिजला तर पुन्हा लिहावं लागंल.

भूल देणाऱ्या मोनिका मॅडम हायत. त्यांना तुझ्या गेरूची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, "आजी, फोटोचं औषध वेगळं, भुलीची वेगळी. एकाचा त्रास झाला म्हणून दुसऱ्याचा होईलच असं नाही. पण तेव्हा ऑपरेशनच्या वेळी अंग सुजलं असेल, तर कशानं ते आधी शोधायला हवं. कातडीवर थेंब थेंब देऊन तपासू. तेव्हा जवळ कोण होतं?"

त्या दवाखान्याचे कागद कवाच गेले. जवळ तू होतीस.

म्हणून विचारते. मला आत नेलं आणि लगेच झालं, का टाके घातल्यावर? डॉक्टर पळत होते का? माझा श्वास शिट्टीवानी वाजत होता का? तू तर बाहेर बसलेली, मग मी शुद्धीवर यायच्या आधीच तुला आत कुणी बोलावलं? आणि का बोलावलं?

औषधाचं नाव तुला ठाऊक नसणार. बघितलं ते लिही. या वेळेला धीर देऊ नको. तुझा धीर मला लई पुरला. राग नाय, देवाशपथ. तू तरी काय करणार होतीस? एवढी शिकलेली ही पोरगी, ती सुद्धा तेच बोलली.

भीती वाटते का म्हणशील. मरणाची फार नाय. पण भुलीतच गेले तर कुणाला दोन शब्द बोलता यायचे नाहीत, आणि गप राहायची सवय मला कवाच नव्हती.

सोमवारी मॅडमकडं जायचंय. हे पत्र तनुजा फोटो काढून तुझ्या सुनेच्या मोबाईलवर धाडतेय, तू बी तसंच धाड. चष्मा लावून लिही. सुनेला लिहायला सांगू नको, तिच्यापुढं तू गोड करून सांगशील.

तू झाकून ठेवलंस म्हणून इतकी वर्षं बिनघोर निजलेली, आणि आता जागं होण्यासाठी तुझ्याच शब्दावर भिस्त ठेवून असलेली,

तुझी अक्का
आवडा