वर, वेंडेल!

प्रिय वेंडेल,

परवा फोनवर तू बाबांची पिकअप मागितलीस. नुसती उभीच आहे ना, मग मला दे, मागच्या लिफ्टगेटसकट दे, इकडे डेन्व्हरला घरसामान हलवायचा धंदा काढतोय म्हणालास. बाबा कसे आहेत, हे फोन ठेवता ठेवता विचारलंस. मी म्हटलं, पत्र लिहिते. फोनवर माझ्या तोंडून काय निघालं असतं याचा भरवसा नव्हता.

ते गेट का आलं हे तुला ठाऊक नसणार. मक्याच्या सुगीपर्यंत परत येतो म्हणून गेलास, त्यानंतरची गोष्ट. गावात फ्रिज पोचवताना एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला तू, हे गावाला सवयीचं झालं होतं. बाबा ओरडायचे, "वर, वेंडेल!" की फ्रिज गाडीत. तू गेल्यावर ते दोन फळ्या टेकवून एकटेच ढकलायला लागले. शेवटी चर्चच्या दारात फळी सटकली आणि बाबा फ्रिजसकट खाली आले. कंबर कामातून गेली. अहो बाबा, एखादा माणूस ठेवा, असं मी किती वेळा म्हटलं. "माणूस आहे मला. यायचाय तो," म्हणे! काय बोलणार, कप्पाळ!

मग हट्टाने ते गेट बसवून आणलं. बटण दाबलं की मागची लोखंडी फळी माल घेऊन वर येते. पण त्या चिमुकल्या गाडीला गेटचंच ओझं केवढं, हे बाबांनी धरलंच नव्हतं. पहिल्याच खेपेला मागचं बूड रस्त्याला टेकायला आलं, पुढचे दिवे थेट झाडांच्या शेंड्यांवर. पेट्रोल पंपावर सगळे बाबांना खो-खो हसले. "काय ऑर्विल, घुबडं शोधायला निघालास का रे?" वेल्डर होल्गरने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जोड दिला आणि यापुढे माल बेतानेच भर म्हणून दम भरला. बाबा फणकारले, "वेंडेल निदान पुढे शेजारी बसायचा. हा ठोंब्या सदा मागे लोंबकळतोय!"

झालं, गेटचं नाव वेंडेल पडलं. बटण दाबताना जुन्या सवयीने "वर, वेंडेल!" आणि उतरवताना "हळू रे, वेंडेल!" नवं गिऱ्हाईक बिचारं इकडेतिकडे माणूस शोधायचं. बाबा सांगायचे, "मुलगा आहे माझा. सांगितलेलं ऐकतो." लोक हसायचे, मीही हसायचे आणि मनातून तुझा असा संताप यायचा की समोर असतास तर एक ठेवून दिली असती. घरात राहिलेल्या मुलीचं नाव कशालाच पडलं नाही.

हिवाळ्यात बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली. तू फुलं पाठवलीस. छान होती. बाबांना उचलून खाटेवर ठेवायला मात्र फुलांचा काही उपयोग झाला नाही.

तर गाडीचं. खुशाल घेऊन जा, किल्ली होल्गरकडे ठेवली आहे. गेट मिळणार नाही. ते मी उतरवून घेतलंय. आपल्या ओसरीच्या पायऱ्या काढून होल्गरने ते तिथे बसवलं, बाजूला बॅटरी ठेवली. रोज सकाळी बाबांची चाकांची खुर्ची त्यावरून अंगणात उतरते, उन्हं कलली की वर येते. बाबांची वाचा जवळजवळ गेलीच आहे. मला हाक मारायची असली की नुसतं "ए… ए…" करतात, लोरीन काही जिभेवर येत नाही. पण खुर्ची फळीवर चढली की चांगला डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटतात आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट ओरडतात, "वर, वेंडेल!" बटण मी दाबते.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
लोरीन