जाळीबाहेरची सावली

मंगळवार, १९ मे
भर दुपारी

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं छान आहोत, असं तुझ्या आईनं लिहायला लावलं असतं, म्हणून आधी ते लिहून टाकतो.

अंड्यांच्या खोक्यात तळाशी पत्र सापडलं म्हणून दचकू नकोस. अंडी तिनं भरली, पत्र मी सरकवलं. बेकरीवाला उद्या सकाळी तुझ्या दारात पोचवेल. फोन का नाही केला म्हणशील. या घरात मी हळू बोललो तर तिला ऐकू जातं, आणि मोठ्यानं बोललो तर शेजाऱ्यांना.

तुझ्या बदामी कोंबड्या मजेत आहेत. म्हणजे सकाळी मजेत असतात. दिव्याच्या उबेवर तू वाढवलेल्या त्या पिल्लांच्या आता चांगल्या भरदार बाया झाल्या आहेत. पण कुंपणाजवळचं झाड वादळात पडल्यापासून आवारात सावलीचा पत्ता नाही. त्यांच्या पाठीवरचा रंग उडायला लागला. तुझी आई म्हणाली, "बघा, उन्हानं विटल्या." विटलेलं कापड मला कळतं, जन्म शिवणकामात गेला. म्हटलं, सावली शिवून देतो.

आणि काय शिवली म्हणून सांगू! जाड हिरवं कापड, दुहेरी शिलाई, कडेनं पितळी कड्या. काल सकाळी आवारात उभं राहून माप घेतलं, पूर्वेच्या जाळीलगत खांब रोवले, कापड ताणून बांधलं. सावली नेमकी मधोमध, पाण्याच्या भांड्यावर. कोंबड्या खाली येऊन बसल्या. मी पुढच्या खोलीतल्या दुकानात जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याजवळ फुशारकी मारली.

दुपारी सूर्य पश्चिमेला कलला आणि माझी सावली जाळीबाहेर, गल्लीत जाऊन पडली. तिच्यात एक कुत्रं ऐसपैस झोपलं होतं. गिऱ्हाइकाचं माप एकदा घ्यायचं, ही माझी सवय. गिऱ्हाईक उभं राहतं, सूर्य राहत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कोंबड्या त्या बाहेरच्या सावलीसाठी जाळीला भिडल्या आणि एकमेकींवर चढल्या. मी जाऊन ओढून काढेपर्यंत खालची एक गेली होती. तुझी लंगडी.

 तुझ्या आईनं लंगडीला उचलून नेलं, हात धुतले, आत आली आणि भरून ठेवलेली बॅग पलंगावर उपडी केली.

बॅग कसली, ते तुला माहीत नाही. तुझी नोकरी पक्की होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली आहे. आजवर मी तिची एकही शपथ मोडली नव्हती.

तिच्या हृदयाची झडप निकामी झाली आहे. शुक्रवारी ती बदलायची, गुरुवारी सकाळी इस्पितळात दाखल व्हायचं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही तारीख चुकवू नका. पुढच्या तारखेपर्यंत थांबता येईल, असं मी म्हणणार नाही." मी फार घाबरलो आहे, चिऊ.

आणि ही म्हणते, जाणार नाही.

"पश्चिमेला दुसरं कापड लावतो," मी म्हटलं.

"लावा. वाऱ्यानं सुटलं तर? तुम्ही माझ्या उशाशी बसणार, इथे कोण बघणार?"

"शेजारी."

"शेजारी म्हणे! स्वतःच्या कुंड्यांना पाणी घालत नाहीत ते. माझी चिऊ इथे असती, तर मी डोळे मिटून गेले असते."

तुला बोलवावं असं तिच्या मनात नव्हतं, पण ते शब्द मी धरून ठेवले.

आत्ता मी मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहितो आहे. दुसऱ्या कापडाची शेवटची कड राहिली आहे. मशीन थांबलं की ती लगेच हाक मारते, म्हणून पायानं ते रिकामंच चालवतो आहे. ती बाहेर आवारात, उन्हात, छत्री धरून उभी आहे. छत्रीखाली कोंबड्या आहेत, ती नाही. उन्हात जायला तिला सक्त मनाई आहे. मी दोनदा आणायला गेलो, दोनदा तिनं हाकलून दिलं.

छत्री खाली गेली. थांब.

आलो. "काही नाही, हात बदलत होते," म्हणाली. ओठ निळे पडले होते. धरून आत आणली, स्वयंपाकघरात पंख्याखाली बसवली. छत्री खांबाला बांधून आलो. खिडकीतून ओरडत होती, "तिरकी बांधा, तिरकी!" मी तिरकी बांधली.

उद्या रात्रीपर्यंत ये. रजा देत नसतील तर भांडून ये. आईला मात्र म्हण, कोंबड्यांसाठी आलीस. लंगडी गेली हे कळलं आणि माझ्यावर चिडून आलीस. मला तिच्यासमोर वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. तू जाळीपाशी उभी दिसलीस की ती बॅग भरेल.

मशीन थांबवलं आहे. आता तिची हाक यायला हवी.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा

ता. क. आली हाक. विचारते, झोपलात का.