शिरपूरला गेलेल्या चकतीची जोडी

धुळे,
१८ एप्रिल १९९०

ती. सौ. अक्कास पुष्पलताचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. माझ्या उजव्या तर्जनीची मात्र तशी नाही. बोदवडची तुझी, दाजींची आणि नव्या शेगडीची खुशाली कळवावी.

शिरपूरची मंडळी मला पाहून गेली, हे आईने लिहिलेच असेल. तिने जे लिहिले नसेल, ते मी लिहिते. मुलाच्या आई प्रमिलाबाई यांनी माझी गुणपत्रिका वाचली (दोन्ही बाजूंनी, मागची कोरी असते) आणि विचारले, "हातात काही कला?" मी जमिनीकडे पाहत होते, जमिनीला काही सुचले नाही. तेवढ्यात आई म्हणाली, "आहे ना! ती भिंतीवरची चकती तिचीच." अक्का, ती चकती म्हणजे गरम पातेले उतरवण्यासाठी तू लग्नाआधी क्रोशाने विणलेली, लाल काठाची. ती इतकी देखणी की सात वर्षांत आपण तिला पातेल्याजवळ फिरकू दिले नाही. प्रमिलाबाईंनी ती खिळ्यावरून काढली, उलटसुलट न्याहाळली आणि सरळ पिशवीत ठेवली! "पातेल्याला दोन हात लागतात. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, सण झाला की दुसऱ्या दिवशी येऊ, तेव्हा हिची जोडी द्या." मी मान हलवली. (आयुष्यातले पहिले असत्य मी एकही शब्द न उच्चारता बोलले.)

म्हणून शेजारच्या सकीनाखालांना शरण गेले. त्या सध्या ईदसाठी टोप्या विणत आहेत. रोजा असतानाही दारातल्या खाटेवर बसून त्या साऱ्या गल्लीची विचारपूस करतात, आणि हातातली सुई मात्र त्यांनी न पाहता बिनचूक चालत असते. मला पुस्तकात पाहूनही इतके बिनचूक उतरवता येत नाही. तरीही मी सवयीने वही काढली आणि त्यांचा प्रत्येक टाका मोजून लिहून घेतला. घरी येऊन वहीबरहुकूम विणले. तळहाताएवढे होईपर्यंत काम नामी चालले, आणि मग कडा वर उठू लागल्या. नाना (आपले आजोबा, ज्यांना मौन ठाऊक नाही) म्हणाले, "टोपी भलती चांगली शे, पन पातेलाना डोकावर घालशी का?"

टोपीची वही पाहून चकती कशी होणार, हे पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीला तिसऱ्या टोपीपर्यंत कळले नाही! खाला हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही मिटून उशीखाली ठेवली आणि म्हणाल्या, "बेटी, गिनती छोड. हर फेरे के बाद हथेली पे रख के देख. बैठी तो चकती, उठी तो टोपी." इतके सुबोध सूत्र मला कोणत्याही वर्गात मिळालेले नाही. चौथी बसली. काठ जरा भाजलेल्या पापडासारखा नागमोडी झाला आहे, पण बसली. त्या तिन्ही टोप्यांपैकी एक खालांच्या घरच्या रहीमचाचांनी ईदसाठी ठेवून घेतली. तुझ्या बहिणीची कला निदान नमाजाला उपयोगी पडेल.

आईनानांचे आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

तुझी,
पुष्पलता

ता. क. आईने तुला तातडीने एक चकती विणून आणायला लिहिले असेल. आणू नकोस. मी माझीच देणार आहे, आणि पहिली तुझी होती, हेही सांगणार आहे. तू आखाजीला माहेरी येशीलच. एक दिवस जास्त राहा आणि तेव्हा माझ्या शेजारी बस. मी जमिनीकडे पाहू लागले तर चिमटा काढ.

ता. क. २. हे सारे लग्न मोडावे म्हणून नव्हे. त्या दिवशी मुलाने एकच प्रश्न विचारला होता, "तुमच्या वाचनालयात एका वेळी किती पुस्तके देतात?" मी "दोन" म्हणाले. तो म्हणाला, "आमच्याकडे तीन." त्या घरी खोटी चकती नेणे मला जमणार नाही.

ता. क. ३. तरीही लाल दोरा घेऊन ये. प्रमिलाबाई रागावल्या नाहीत, तर पापडाचा काठ उसवून त्यांच्यासमोरच नीट करू.