थाई चालू खाते, सर्बियन मुदत ठेव

कडाव, ता. कर्जत
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. सौ. समिधाताईस नम्रताचा नमस्कार.

(आधी ‘शिरसाष्टांग’ लिहिलं होतं. पण उजवा गुडघा हल्ली जमिनीला टेकत नाही, आणि जे प्रत्यक्षात जमत नाही ते पत्रात करावं का, या विचारात चहा गार झाला. तेव्हा साधा नमस्कार घे. तो खरा आहे.)

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची माफी. वेळ नव्हता असं लिहिणार नाही, कारण रोजची डायरी लिहायला वेळ होता. त्या डायरीत ‘ताईला पत्र’ हे उद्याचं काम म्हणून इतक्यांदा लिहिलं की शेवटी मलाच ते छापील वाटायला लागलं. भाऊजींची पाठ कशी आहे? कोइम्बतूरची हवा मानवते का? तुझा आवाज दिवाळीत फोनवर बारीक वाटला होता. आता मुद्द्यावर येते. तुझी बहीण काल एम.ए. झाली!

तुला आठवत असेल, माझ्या लग्नपत्रिकेत नावापुढे ‘एम.ए. (भाग १)’ छापलं होतं. दुसऱ्या भागाचं काय झालं ते तू पाहिलंसच: हळद लागली, भाग राहिला. दूरशिक्षणातून पुन्हा नोंदणी केली तिची मुदत यंदा संपत होती. पेपर सुटले होते. राहिला होता फक्त प्रकल्प आणि त्यावरची तोंडी परीक्षा. यावेळी हुकलं असतं तर उरलेला जन्म मी भाग एकमध्येच काढला असता. मार्गदर्शक सर म्हणाले, स्थलांतरितांवर करा, पण वीटभट्टी नको, सगळे तेच करतात. मी घरी आले, आमच्या मागच्या इमारतीकडे पाहिलं आणि उत्साहाच्या भरात विषय लिहून दिला: ‘सर्बियन व थाई स्थलांतरित समुदायांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा तुलनात्मक अभ्यास’. सरांनी सही करताना मान वर केली नाही. समुदाय केवढा आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. (हे लपवणं होतं की नुसतं न सांगणं? डायरीत यावर दीड पान आहे.)

तर सर्बियन समुदाय म्हणजे द्रागान आणि बोयाना. तो साजगावच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलाय, रोज कंपनीच्या गाडीने जातो. थाई समुदाय म्हणजे नोई आणि तिचा नवरा सोमचाय. ती कडावच्या पुढच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाक करते, तो तिथलीच बाग बघतो. दोन्ही समुदाय एकाच मजल्यावर, समोरासमोर.

एवढ्याशा लोकसंख्येचे टक्के काढणं किती धोक्याचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या पहिल्या तक्त्यानुसार महिलांच्या रोजगाराचं प्रमाण थाई समुदायात शंभर टक्के आणि सर्बियन समुदायात शून्य होतं. नोव्हेंबरात बोयाना बालवाडीत चित्रकला शिकवायला लागली आणि सर्बियन प्रमाण एका सोमवारी शून्यावरून शंभरावर गेलं. सोमचाय तापाने आडवा झाला तेव्हा थाई समुदायातली निम्मी जनता आजारी असल्याची नोंद मी केली, आणि नंतर घाबरून खोडली. सरांनी दिलेली प्रश्नावली खेडेगावांसाठी केलेली होती. त्यात पाण्याचा स्रोत, जमीन आणि गुरं होती. बोयानाने प्रत्येक प्रश्नाचं मनापासून उत्तर दिलं. सासऱ्यांची आलुबुखारची झाडं सांगितली, मग डुकरं सांगितली. डुकरांना रकाना नव्हता. मी ती ‘इतर दुधाळ जनावरे’ यात लिहिली, मग रात्री उठून दुधाळ शब्द खोडला.

पैशाच्या बाजूने सर्बियन वरचढ, यात वाद नाही. पगार मोठा, घरभाडं कंपनीकडे, गाडी दारात. नोईचा करार दोन वर्षांचा, आणि पगारातला मोठा भाग गावी जातो, कारण तिची मुलगी तिकडे आजीपाशी आहे. पण ताई, नोई इथे आली आणि महिन्याभरात गावची झाली. शेजारची जागृती तिला विहारात घेऊन गेली. वंदना सुरू झाली तेव्हा नोईने हात जोडले आणि सगळ्यांबरोबर तेच पाली शब्द म्हटले, फक्त चाल निराळी. जागृती सांगत होती, “अगं, आमच्या बायका वंदना थांबवून तिच्याकडंच बघत बसल्या. मीच डोळे वटारले, आधी पूर्ण तर करा!” त्यानंतर नोईला दुपारी घरी कुणी एकटी बसू दिलेलं मी पाहिलं नाही. बोयाना मात्र खिडकीत दिसायची. हसायची. पडदा ओढायची.

आता माझ्या सासूबाईंकडे वळते, कारण प्रकल्पाचा खरा गोंधळ तिथून सुरू झाला. येसूबाईंची रीत तुला माहीत आहे. घरात काही बरं शिजलं की वाटीभर शेजारी. आणि शेजारच्याने वाटी रिकामी परत करायची नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घालून द्यायची. नोईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडून बिरडं गेलं की तिच्याकडून चिकट भात यायचा, कधी चिंचेचा ठेचा (तो खाऊन आमचे मनोज अंगणात दोन फेऱ्या मारून आले). द्रागानच्या घरून मात्र वाटी रिकामीसुद्धा आली नाही. वाटी यायचीच नाही. आत गेली की गेली.

मला वाटलं, चला, मोजायला काहीतरी मिळालं. चौथ्या प्रकरणात मी ठणकावून लिहिलं की थाई समुदाय स्थानिक समाजात मिसळला असून सर्बियन समुदाय संपन्न असूनही देवाणघेवाणीस पराङ्मुख आहे. (‘पराङ्मुख’ शब्द मला इतका आवडला की तीनदा वापरला.) सासूबाईंचं निदान वेगळं होतं. त्या म्हणाल्या, “पराङ्मुख नाय नि काय नाय. भांडीच नसतील गं त्यांच्याकं. गरीब हायत बिचारी. जा, ही वालाची वाटी देऊन ये.” म्हणजे मी अहवालात त्यांना श्रीमंत आणि माणूसघाणे ठरवत होते आणि घरातून मीच दयेच्या वाट्या पोचवत होते. सासूबाईंनी ही गरिबी आळीभर सांगितली. मग सगळ्याच घरांतून वाट्या जायला लागल्या. डिसेंबरात आमच्याकडे आमटी डब्याच्या झाकणात वाढायची वेळ आली. मनोज म्हणाले, “तुझा अभ्यास लवकर संपव बाई, नाहीतर ताटंही जातील.”

आणि मग १९ डिसेंबरचा दिवस उजाडला. सकाळी द्रागान कोट घालून, टाय लावून, मोठ्या टोपलीत सगळ्या वाट्या घेऊन निघाला. प्रत्येक वाटी भरलेली होती. शिजवलेले गहू, त्यात कुटलेले अक्रोड आणि साखर. म्हणजे आपली गव्हाची खीर दूध न घालता कोरडी केली तर जशी होईल तसं. कोणती वाटी कुणाची हे त्याला आठवत नव्हतं, पण वाट्यांवर नावं घातलेली त्याने पाहिली होती. त्याला वाटलं, किती व्यवस्थित लोक! त्याने गेटवरच्या वॉचमनला, पोशाला, नावं वाचायला लावली. पोशाने जे लिहिलं होतं ते इमानाने वाचलं, पत्तेही सांगितले.

आता ताई, तू आणि मी जाणतो की आपल्याकडे वाटीवर मालकाचं नाव नसतं. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत ज्याने ती दिली त्याचं असतं. द्रागानला हे कोण सांगणार? त्याने आळीतली प्रत्येक वाटी ज्याने ती कधीकाळी भेट दिली होती त्याच्या घरी नेऊन दिली. भेटी फिरून मूळ घरी गेल्या, वर गव्हाने भरून. जागृतीने आम्हाला वास्तुशांतीला दिलेली वाटी जागृतीकडे. आम्ही जागृतीच्या भावाच्या लग्नात दिलेली आमच्याकडे. आणि सगळ्यात कहर म्हणजे ‘सौ. चिंधीबाई, साजगाव’ ही वाटी त्याने कारखान्यात जाता जाता खुद्द चिंधीआत्याच्या हातात ठेवली. चिंधीआत्या म्हणजे सासूबाईंची नणंद. माझ्या दिराच्या हळदीत मिळालेली मानाची साडी फिकी निघाली तेव्हापासून आमच्याकडे न फिरकलेली.

दुपारच्या टमटमने चिंधीआत्या दारात. “येसू, मी दिल्याली वाटी तू परक्याच्या घरी धाडलीस?”

“धाडली. भरून धाडली. तू साडी दिलीस का कदी भरल्या रंगाची?”

“साडी तू मला दिल्याली गं!”

“मग फिकी कोन म्हनतं तिला?”

या भांडणात पुढे कोण कुणाच्या बाजूचं होतं ते मला नक्की लिहिता येणार नाही. पण चिंधीआत्याने वाटी मोकळी आणली नव्हती. तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड बोरांनी भरून आणली होती, आमच्यासाठी नव्हे, त्या साहेबासाठी. गहू खाल्ले होते ना तिने! भरून आलेली वाटी रिकामी कशी ठेवायची? आणि हीच गोष्ट आळीतल्या प्रत्येक घरात एकाच दुपारी झाली होती. संध्याकाळी आम्ही जिना चढलो तर पुढे जागृती, तिच्यापुढे नोई आणि सोमचाय, मागे सगळी आळी, प्रत्येकाच्या हातात भलत्याच नावाची भरलेली वाटी.

दार उघडलं तेव्हा बोयाना तिथेच रडायला लागली. मला वाटलं, झालं, काहीतरी चुकलं. आत टेबलावर जाड मेणबत्ती, गोल पाव आणि एका दाढीवाल्या संताचं चित्र होतं. द्रागानने सांगितलं ते असं: हा त्यांच्या कुळाचा संत. बापाकडून मुलाकडे येतो. वर्षातून एक दिवस त्याचा, आणि त्या दिवशी कुणाला बोलावणं करायचं नसतं. जो आपणहून येईल तो पाहुणा. गेल्या वर्षी त्यांनी मेणबत्ती लावून रात्रीपर्यंत वाट पाहिली. कुणी आलं नाही. येणार कोण? इथे ठाऊक कुणाला? आणि वाट्या? त्यांच्या गावीही भांडं रिकामं परत करत नाहीत. पण इथे कोण काय खातं, काय नाही, हे कळेना. चूक होण्यापेक्षा सगळ्यांना चालेल असा गव्हाचा दिवस येईपर्यंत त्यांनी वाट्या जपून ठेवल्या, घासूनपुसून, कपाटात.

मी हे सासूबाईंना समजावत होते तर त्या माझ्यावरच उखडल्या. “कुलदैवत हाय म्हंजे त्यांना! मग आदी का नाय सांगितलंस? चार महिने कागुद भरतीस, ह्ये इचारलं नाय?”

नव्हतं विचारलं. प्रश्नावलीत रकाना नव्हता. त्या संध्याकाळी दोघी नणंदा-भावजया एकाच सतरंजीवर बसून सर्बियन पाव मोडत होत्या, आणि नोई आत बोयानाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन सगळ्यांना भात वाढत होती.

पण माझं चौथं प्रकरण मेलं होतं, आणि अहवालाच्या प्रती आधीच विद्यापीठात गेल्या होत्या. काल तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण ‘पराङ्मुख’ या शब्दाखाली त्यांचं बोट आलं आणि माझ्या तोंडून गेलं, “बाई, हा निष्कर्ष चूक आहे. मीच लिहिलाय, पण चूक आहे.” सरांनी डोळे मिटले. मग मी सगळं सांगितलं, वाट्यांसकट, चिंधीआत्यासकट. बाईंनी विचारलं, मग दोन्ही समुदायांची तुलना एका वाक्यात करा. मी म्हटलं, “पैशाने सर्बियन वर आणि माणसांनी थाई वर, असं मला दिसलं होतं. पण थाई कुटुंबाचं चालू खातं होतं, रोज भरायचं, रोज काढायचं. सर्बियन कुटुंबाची मुदत ठेव होती. मी ती मुदतीआधी मोजली आणि त्यांना दरिद्री ठरवलं.”

बाई आधी हसल्या, मग त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं, मग सरांकडे वळून म्हणाल्या, “सर, यांना मार्गदर्शन छान केलंत.” सरांनी डोळे उघडले. मी उत्तीर्ण! कर्जतहून येताना मनोजनी पेढे घेतले, आणि जिन्याखाली दोन्ही स्थलांतरित समुदाय शंभर टक्के उपस्थितीने माझ्यासाठी उभे होते.

भाऊजींना नमस्कार. चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझी,
नम्रता (एम.ए., भाग दोनसुद्धा)

ता. क. वर ‘उत्तीर्ण’ लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. बाईंनी एक अट घातली आहे. नमुना फारच लहान म्हणून, इथून बाहेर गेलेलं एक आपल्याकडचं कुटुंब तुलनेसाठी जोडायचं, तेही पुढच्या महिनाअखेरीच्या आत. तोवर पदवी कंसातच. पेढे मात्र खाऊन झाले.

ता. क. २. ते कुटुंब म्हणजे तू. तुला ‘स्थलांतरित’ म्हणताना माझा हात अडखळला, पण दिवाळीत तूच म्हणालीस की कोइम्बतूरची माणसं चांगली आहेत, फक्त दारं बंद असतात, आणि आठवडा जातो, मराठी सोडच, कुणाशी नुसतं हसणंही होत नाही. तेव्हा मी ‘होईल गं सवय’ म्हटलं होतं. माझी आणखी एक प्रश्नावली, हवा तो रकाना नसलेली.

ता. क. ३. द्रागानकडे एक वाटी उरली होती. ‘चि. नम्रताच्या लग्नात समिधाताईकडून’. पोशाला पत्ता सांगता येईना, म्हणून ती त्याने तशीच ठेवली आणि काल पेढे घेताना माझ्यापुढे धरली: ही बाई कुठे राहते? मी सांगितलं, फार लांब. तो म्हणाला, मग भरून पाठवायला हवी. गहू टिकायचे नाहीत, म्हणून बोयानाने अक्रोड घातलेत, नोईने वाळकी चिंच, आणि उरलेल्या जागेत सासूबाईंनी कडवे वाल दाबून बसवलेत. ती मला परत पाठवू नकोस. त्यातलं काय हवं ते ठेव, वालाचं बिरडं कर, आणि तीच वाटी भरून समोरच्या बंद दारावर टकटक कर. परत काय येतं ते मला कळव. लवकर नाही आली तर घाबरू नकोस. मुदत ठेव असेल.

उद्याचं काम: ताईची वाटी कुरिअरला देणे.