पांढऱ्या साडीतलं लग्न

१२ ऑगस्ट

पुन्हा पुरावा पाहिजे म्हणे! नोंदणीचा दाखला दिला, पासपोर्टवर नवरा म्हणून राहुलचं नाव घातलं, आणि आज कॅनडाच्या व्हिसा ऑफिसातून मेल — नातं खरं असल्याचे आणखी पुरावे जोडा. महाडात एजंटच्या ऑफिसातच होते तेव्हा. त्यानं आमच्या लग्नाचे फोटो चाळले नि मान हलवली.

"मॅडम, यात लग्न कुठाय? होम नाही, सप्तपदी नाही, मंगळसूत्र नाही. पांढरी साडी! तिकडच्या साहेबाला वाटेल सत्कार समारंभ चाललाय."

सत्कार! विहारात बुद्धमूर्तीसमोर उभे राहिलो, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, अख्ख्या वाडीबरोबर पंचशील म्हटलं, एकमेकांना हार घातले. झालं लग्न! आमच्यात काही जणी घालतात मंगळसूत्र, मी नाही घातलं. माझी मर्जी. त्याला म्हटलं, फोटोत काही कमी नाही, तुमच्या माहितीत आहे. तो हसला. मला नाही आलं हसू.

१४ ऑगस्ट

एजंटचा तोडगा असा — एका स्टुडिओत लग्नाचा सेट आहे. शालू, मंगळसूत्र, होम, सगळं भाड्यानं. नवरा इथं नसला तरी अडत नाही. "सर तिकडून त्यांचा फोटो पाठवतील, मी जोडून देतो."

म्हणजे खऱ्या लग्नाला पुरावा खोट्या लग्नाचा. वा रे शहाण्या!

संध्याकाळी राहुलला सांगितलं. वाटलं, हा माझ्यापेक्षा जास्त भडकेल. तर म्हणतो, "काढून टाक ना उजू. माझं बोलणं झालंय त्याच्याशी. एका दिवसाचं नाटक, तुझं काय जातंय?"

काय जातंय!! फोन कट केला.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. पोरांना लाडू वाटले. राहुलशी बोलले नाही.

२० ऑगस्ट

गेले. हो, गेले स्टुडिओत! लग्न झाल्यावर जेमतेम दोन महिने एकत्र राहिलो आणि हा विमानात बसला. मला त्याच्याजवळ जायचंय. इथं तरी लिहायला लाज कसली?

नणंद सोबत होती, निशा. सेट काय वर्णावा! थर्माकोलचे खांब. होमकुंडात लाल-पिवळं कापड नि खाली टेबलफॅन. बटण दाबलं की कापड फडफडतं — त्या ज्वाळा! निशा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. फोटोग्राफर म्हणतो, "ताई, जरा लाजा की."

शालू नेसवला, मंगळसूत्र घातलं, कुंकू लावलं. आरशात पाहिलं तर छान दिसत होते. त्याचाच जास्त राग आला. मग फोटोग्राफर म्हणाला, "आता हात जोडा, अग्नीला नमस्कार करा."

पंख्याला? माझे पणजोबा बाबासाहेबांबरोबर ओंजळभर पाण्यासाठी चवदार तळ्यावर गेले, डोकं फोडून घेतलं. आणि त्यांची पणती टेबलफॅनच्या पाया पडणार? उठले. तिथल्या तिथं मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं. शालू सोडताना अर्ध्या पिना तुटल्या. तुटू देत.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. मनात धाकधूक. मुलाकडे जायची वाट मीच अडवतेय असं म्हणाल्या तर? त्या भाकऱ्या थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "बरं केलंस गो. माज्या पोराचं लगीन वाडीनं लावलंय. आता पंखा लावनार हाय काय?"

आम्ही तिघी इतक्या हसलो की भाकरी करपली.

२७ ऑगस्ट

खरा पुरावा गोळा केला. राहुलच्या चंदूमामांनी लग्नाचा व्हिडिओ मोबाइलवर काढला होता. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे. मधेच लाइट जाते, पण पंचशील म्हणणं थांबत नाही, सगळी वाडी एका सुरात. आणि मागून सासूबाईंचा आवाज, "वरनात मीठ हाय काय, बगा गो कोनीतरी!" साहेबाला मराठी येत नसेल, पण ही सासू आहे एवढं कळेलच. आमचे रोजचे कॉल, त्यानं पाठवलेल्या स्वेटरची पावती, सासूबाईंचं सहीचं निवेदन — सगळं जोडलं.

एजंट कुरकुरला, "रिजेक्ट झालं तर मला बोलायचं नाही."

नाही बोलणार, जा!

११ सप्टेंबर

कशेडीत दरड आली, रस्ता बंद. माझा व्हिसापण असाच कुठल्यातरी घाटात अडकलाय.

२२ ऑक्टोबर

आला! आला!! पासपोर्टवर चिकटून आला! एजंटच्या ऑफिसात टाळी वाजवली मी, सगळे बघायला लागले. पांढरी साडीच पास झाली!

तो पेढा खाता खाता म्हणाला, "खरं सांगू मॅडम? तुमचे फोटो पहिल्यापासून चालण्यासारखे होते. ते सेटचं तुमच्या सरांचं डोकं. म्हणाले, व्हिसाच्या नावाखाली काढून घ्या, मला इथं ओळखीत दाखवायला लागतात."

पोलादपूरला येईपर्यंत एसटीत पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच होता.

२३ ऑक्टोबर

राहुलला विचारलं. आधी उडवाउडवी. मग बोलला. ज्या मराठी पोरांबरोबर राहतो, त्यांनीच याला काम मिळवून दिलं. "जाधव आडनाव ऐकून त्यांनी मला त्यांच्या जातीतलाच धरला. मी खोटं नाही बोललो उजू, फक्त गप्प बसलो. आता वहिनींचे लग्नाचे फोटो दाखव म्हणून मागे लागलेत." आणि मग हळूच, "तू ये. पण विहारातला फोटो आणू नकोस. गळ्यात काहीतरी घालून ये."

खूप रडले. मग खूप राग आला. त्याची भीती कळत नाही असं नाही, परक्या मुलुखात एकटा आहे. पण म्हणून त्याची भीती मी गळ्यात घालून फिरू? नाही फिरणार! विहारातला फोटो पाठवला. खाली लिहिलं — हा त्यांना दाखव, मग तिकीट काढते.

सासूबाईंना सांगितलं. तांदूळ निवडत होत्या. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "माज्याच पोटचा ना गो तो?"

२६ ऑक्टोबर

फोटो त्यानं बघितलाय. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

पासपोर्ट सासूबाईंनी मागून घेतला. पेटीत ठेवला, किल्ली कमरेला. आज राहुलचा फोन आला तर माझ्या हातातून घेऊन त्याच बोलल्या — "लगीन खरं हाय ह्ये हिनं दाखवलान. आता तू दाखव. तवर मी सोडनार नाय हिला."

आणि फोन ठेवून दिला.