सातवी पायरी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला नेण्याआधी आपलं जुनं शहर एकदा बघून ये, असं तू म्हणालीस म्हणून दोन दिवस काढून आलो. तुझ्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणजे तिला आणायचं तर मलाच. आणि मी आणणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बघण्यासारखं इथं काही उरलेलं नाही. आपल्या गल्लीत ओळीनं काचेची दुकानं, सगळ्यांत त्याच मेणबत्त्या आणि तेच पेले. एक गाइड छत्री उंच धरून आम्हा पंधरा जणांना मेंढरांसारखं हाकत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या घरात कुणी सरदार राहायचा. ऐकून हसावं की रडावं कळेना. शाळेच्या जागी गाड्या लावतात. नदी म्हणून जी दाखवतात तिच्यात हातसुद्धा धुववणार नाही.

आपल्या घराचं हॉटेल झालंय, मुद्दाम तिथंच उतरलो. जुना तेवढा जिना ठेवलाय, आणि तोही कसला! एक पायरी मध्येच उंच. सपशेल आपटलो, नडगी सोलली. ज्या कुणी हा बांधला त्याला साधं मोजमाप ठाऊक नसावं, असं मॅनेजरीणबाईंना सुनावलं. पाहुणे तिथंच पडतात, म्हणून पुढच्या महिन्यात जिना तोडणार आहेत म्हणे. बरंच झालं.

आईला सांग, आठवणीतलं शहरच चांगलं आहे. माझ्यावरचा लोभ या पत्रानं कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. आधी हसली, मग जिन्याचं तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

‘ज्या कुणी’ म्हणे! अरे शहाण्या, तो जिना अण्णांनी बांधला. गवंड्याच्या पोटी जन्मलास ना? सातवी पायरी त्यांनी मुद्दाम दोन बोटं उंच ठेवली होती. घरचं माणूस न बघता पाय उचलेल, परका ठेचकाळेल आणि त्या आवाजानं आत झोपलेले अण्णा उठतील. होते तोवर कुलपापेक्षा त्यांचा त्या पायरीवर भरवसा होता. आपलं मांजरसुद्धा तिथं कधी अडखळलं नाही. तू अकरा वर्षं तो जिना चढलास आणि आता पाहुण्यांच्या रांगेत जाऊन पडलास. आई म्हणाली, पायरीनं आपलं काम चोख केलं.

तुझी ती दुकानं आईला दिसणारच नाहीत. दोन वर्षं झाली, तिला उजेड-अंधाराखेरीज काही कळत नाही. तीन वर्षांत तोंड न दाखवणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? तिला शहर बघायचंच नाहीये, तो जिना एकदा चढायचाय. आणि तो तोडणार हे तू सोललेल्या नडगीनंतर एका ओळीत उरकतोस! लाज वाटते मला तुझी.

तिची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. नाक मुरडायचं तेवढं मुरड, पण ये. आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल पोचलो. शहर अजून भिकारच आहे. गाइडनं आता सरदाराला हत्तीही दिलाय. आईनं भर गर्दीत त्याला सांगितलं की सरदार तिच्या ओळखीचे होते, डोक्यावर घमेलं घेऊन हेच घर बांधत होते. बिचाऱ्यानं छत्री मिटली.

मग जिना. मी तिचा दंड धरून, मनात पायऱ्या मोजत निघालो. तुझं पत्र चार वेळा वाचूनही आता पाचवी झाली की सहावी यात गोंधळलो. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं माझा हात सोडवला आणि उलट माझंच मनगट धरलं. सातव्या पायरीला तिचा पाय आपसूक उंच गेला आणि मलाही तिनं वर ओढलं, लहानपणी ओढायची तसंच. मला रडू आलं, ताई. तिला दिसलं नाही, पण कळलं.

वर पोचल्यावर तिनं जिन्याकडे तोंड करून सांगितलं की दोघंही घरचेच आलोत, अण्णांनी उठायचं कारण नाही.

गुडघ्याला जप. रागावली असलीस तरी लोभ तेवढाच राहू दे.

तुझा,
धाकटा